जरी लिहिलं की तरी आलंच?

दहावीची परीक्षा संपली की या सदराकडे इंग्रजीबद्दलच्या पत्रांचा ओघ सुरू होतो. यंदा सातारा-सांगलीकडची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेक मराठी माध्यमातून अकरावीला जाणाऱ्या मुलांची किंवा त्यांच्या आईवडिलांची आहेत. एका अंकात मावतील तेवढीच घेतली आहेत. इंग्रजी वाक्यं इथं देवनागरीत छापली असली तरी वहीत ती इंग्रजी लिपीतच लिहावीत. स्पेलिंगची चूक देवनागरीत लपून जाते.

प्रश्न : मुलगा मराठी माध्यमातून दहावीला बसला होता, आता अकरावी सायन्सला जाईल. मित्रानं त्याला मोबाइलवर इंग्रजी ग्रामरच्या सरावाचे संच पाठवलेत. सूचना वेगळ्याच भाषेत आहेत. विचारल्यावर कळलं की ते व्हिएतनामचे. रोज पन्नास प्रश्न सोडवतो, उत्तरं ताडून बघतो आणि पुढं जातो. हे करू द्यावं का? — एक पालक, तासगाव

करू द्या, पण सगळं नको आणि या पद्धतीनं तर नकोच.

व्हिएतनाममध्ये नववीपर्यंतची शाळा संपली की पुढच्या हायस्कूलमध्ये, म्हणजे दहावी ते बारावीत, जाण्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गणित आणि व्हिएतनामी साहित्य हे विषय ठरलेले असतात. तिसरा विषय स्थानिक पातळीवर ठरतो आणि तो बऱ्याच ठिकाणी इंग्रजी असतो. सरकारी हायस्कूलमधल्या जागा मोजक्या असल्यानं चुरस मोठी, त्यातूनच हे ढीगभर सरावसंच निघतात. मुलं पंधराच्या आसपासची, इंग्रजी त्यांचीही घरची भाषा नाही. त्यामुळे पातळी आपल्या मुलांना जुळते.

प्रश्नांचे साचे ठरलेले असतात. चार शब्दांत वेगळा उच्चार कोणता, आघात, म्हणजे बोलतानाचा जोर, कुठल्या शब्दात वेगळ्या जागी आहे, गाळलेली जागा, अधोरेखित भागातली चूक, कंसातल्या शब्दाचं योग्य रूप, आणि शेवटी दिलेल्या सुरुवातीनं वाक्य पुन्हा लिहिणं. यातला कुठला भाग आपल्या मुलाला उपयोगी पडेल, हे ठरवायला दोन्ही मातृभाषा शेजारी ठेवून बघाव्या लागतात.

व्हिएतनामी भाषेत क्रियापद कधीच बदलत नाही. मी, तू, ते, काल, उद्या, काहीही असो, क्रियापद तेच. काळ दाखवायचा असेल तर आधी एक वेगळा छोटा शब्द ठेवायचा. अनेकवचनातही नामाचं रूप बदलत नाही. म्हणून त्या संचांत ‘गो, गोज, वेंट’ आणि ‘बुक, बुक्स’ यांचे प्रश्न शेकड्यांनी असतात. मराठी मुलाला जातो, जाते, जातात, गेला, गेली हे सांगावं लागत नाही. क्रियापद बदलतं ही कल्पना त्याच्या रक्तात आहे. त्याच्याकडून फक्त ‘एस’ लिहायचा राहतो. असले वीस प्रश्न सोडवून त्यात दोनपेक्षा कमी चुका आल्या की तो भाग सोडून द्यावा.

आता उलट बाजू. व्हिएतनामी माणूस ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो’ हे वाक्य आपल्यासारखंच जोडीनं बोलतो. त्यांच्याकडेही जरीच्या जोडीला एक ‘पण’ येतो, ‘कारण’च्या जोडीला एक ‘म्हणून’ येतो. त्यामुळे त्यांची मुलं हमखास ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ लिहितात. आपली मुलंही तेच लिहितात, आणि कारणही तेच. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच खिळा पुरतो. ‘ऑल्दो’ घेतला तर ‘बट’ नाही, ‘बिकॉज’ घेतला तर ‘सो’ नाही. ‘इफ’नंतर ‘देन’ची आणि ‘व्हेन’नंतर पुन्हा ‘देन’ची सवयही आपल्या जर-तर, जेव्हा-तेव्हामधूनच येते. ‘इफ’सोबतचा ‘देन’ चूक धरला जात नाही, पण साध्या वाक्यात तो उगाच असतो. तर त्या संचांतले चूक शोधण्याचे आणि वाक्य पुन्हा लिहिण्याचे प्रश्न मुलाकडून नक्की करून घ्या. आपल्यासारखीच चूक करणाऱ्यांसाठी ते तयार झालेत.

पद्धतीबद्दल. पन्नासऐवजी वीस प्रश्न. चार पर्यायांवर कागदाची पट्टी ठेवून आधी उत्तर वहीत लिहायचं, मग पट्टी काढायची. पर्याय समोर दिसला की आठवण्याचं काम संपतं आणि ओळखण्याचं सुरू होतं. अकरावीच्या पेपरात तर लिहायचं असतं. तपासताना तीन खुणा करायच्या : बरोबर, चूक आणि तुक्का. तुक्का लागून बरोबर आलेलं उत्तर चुकीतच मोजायचं. मग चुकलेलं प्रत्येक वाक्य एका वेगळ्या वहीत पूर्ण, दुरुस्त करून, आणि पुढं मराठीत एका ओळीत कारण : ‘पासून बघून सिन्स लिहिलं’, ‘जरीमुळे बट आला’. महिन्याभरात त्या वहीत चार-पाच कारणंच पुन्हापुन्हा दिसायला लागतात. मुलाचा खरा अभ्यासक्रम तेवढाच.

मोबाइलवर फिरणाऱ्या संचांच्या उत्तरसूचीत चुका असतात, हे गृहीत धरा. उत्तर पटलं नाही तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात तो शब्द बघावा. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत आणि उदाहरणाची वाक्यं देतात.

प्रश्न : उच्चाराचे प्रश्न आमच्या बोर्डाच्या लेखी पेपरात येत नाहीत. मग ते सोडून दिले तर चालेल? — दहावीचा विद्यार्थी, कोरेगाव

गुणांसाठी सोडलेस तरी चालेल. पण दोन नियम अर्ध्या तासात होतात आणि आयुष्यभर पुरतात, तेवढे कर.

पहिला शेवटच्या ‘ईडी’चा. आपल्याकडं सगळं ‘वॉकेड, वॉशेड, प्लेएड’ असं वाचलं जातं. खरे उच्चार तीन, आणि ते ठरवायला मराठी व्याकरणातली कठोर आणि मृदू व्यंजनं पुरतात. मूळ क्रियापदाचा उच्चार क, प, फ, स, श, च अशा कठोर ध्वनीनं संपत असेल तर ‘ट’ : वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. ग, ब, म, न, ल अशा मृदू ध्वनीनं किंवा स्वरानं संपत असेल तर ‘ड’ : कॉल्ड, प्लेड, ओपन्ड. आणि शेवटी ट किंवा ड हाच ध्वनी असेल तरच पूर्ण ‘इड’ : वॉन्टिड, नीडिड. बघायचा तो ध्वनी, अक्षर बघायचं नाही. ‘लाफ’च्या शेवटी अक्षरं जी आणि एच असली तरी ऐकू येतो फ, म्हणून ‘लाफ्ट’. ‘नेकिड’ आणि ‘विकिड’ ही विशेषणं मात्र या नियमात बसत नाहीत.

दुसरा नियम आघाताचा. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं म्हणतो. व्हिएतनामीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो, त्यामुळे तिथल्या मुलांनाही आघात अवघडच जातो. म्हणून तो प्रश्न त्यांच्या संचांत कायम असतो. इंग्रजी शब्दात एकच अक्षर जोरात आणि बाकीची दबकी. ‘शन’नं संपणाऱ्या शब्दात जोर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर : एज्युकेशनमध्ये ‘के’वर, इन्फर्मेशनमध्ये ‘मे’वर. ‘इक’नं संपणाऱ्या बहुतेक शब्दांतही तसंच : सायंटिफिकमध्ये ‘टि’वर. अरिथ्मॅटिक हे नाम अपवाद, तिथं जोर ‘रि’वर. ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’ अशा काही जोड्यांत नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

प्रश्न : ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा नियम पाठ आहे, तरी पेपरात चुकतो. का? — विद्यार्थिनी, विटा

कारण नियम तू इंग्रजीत पाठ केलास आणि विचार मराठीत करतेस. मराठीत ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘दिवाळीपासून’ दोन्हीकडे एकच ‘पासून’. त्याचं भाषांतर डोक्यात कायमचं ‘सिन्स’ होऊन बसलंय, म्हणून ‘सिन्स थ्री इयर्स’ येतं.

नियमापेक्षा एक चाचणी लक्षात ठेव : कॅलेंडरवर त्या शब्दावर बोट ठेवता येतं का? दिवाळी, सोमवार, 2022, मी सातवीत होते तेव्हा, यांवर बोट ठेवता येतं; तिथं ‘सिन्स’. तीन वर्षं, दोन तास, बराच वेळ, यांवर बोट ठेवता येत नाही, ती लांबी आहे, तिथं ‘फॉर’.

दुसरी चूक याच वाक्यात लपलेली असते. ‘मी तीन वर्षांपासून कराडला राहतो’ यातलं ‘राहतो’ वर्तमानकाळी आहे, म्हणून मुलं ‘आय लिव्ह’ किंवा ‘आय ॲम लिव्हिंग’ लिहितात. मागं सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम इंग्रजीत ‘हॅव’ मागतं : ‘आय हॅव लिव्ड इन कराड फॉर थ्री इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. वाक्यात सिन्स दिसला की आधी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लिही, मग बाकीचं.

तिसरी चूक तू विचारली नाहीस, पण पत्रात केली आहेस. ‘आय हॅड गॉन टू सांगली यस्टरडे.’ हे ‘काल सांगलीला गेले होते’ यातल्या ‘होते’चं भाषांतर. मराठीत साध्या भूतकाळाच्या गोष्टीलाही आपण सहज होतो, होती लावतो. इंग्रजीत काल घडलेली एकटी गोष्ट साधी राहते : ‘आय वेंट टू सांगली यस्टरडे’. ‘हॅड’ हवा तेव्हा, जेव्हा भूतकाळात दोन गोष्टी आहेत आणि त्यातली आधीची कुठली ते दाखवायचंय. ‘द बस हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड द स्टँड’, आधी गाडी गेली, मग आम्ही पोचलो. दुसरी गोष्ट नसेल तर हॅड खोडायचा. ‘काल’, ‘मागच्या आठवड्यात’, ‘2019 मध्ये’ असा नेमका भूतकाळ वाक्यात असेल तर ‘हॅव’ही चालत नाही, हेही याच पानावर लिहून ठेव.

सरावाला ही तीन रूपांतरं रोज दोन-दोन करून बघ, आठवडाभर. ‘शी स्टार्टेड लर्निंग इंग्लिश फाइव्ह इयर्स अगो’ याचं ‘शी हॅज बीन लर्निंग इंग्लिश फॉर फाइव्ह इयर्स’. ‘आय लास्ट सॉ हिम ॲट दिवाली’ याचं ‘आय हॅवन्ट सीन हिम सिन्स दिवाली’. ‘इट इज टू मन्थ्स सिन्स इट रेन्ड’ याचं ‘इट हॅजन्ट रेन्ड फॉर टू मन्थ्स’. शेवटच्यात सिन्सचा फॉर कसा झाला, ते स्वतःलाच समजावून सांग.

प्रश्न : ‘एस.टी. बस’च्या आधी ‘अ’ की ‘ॲन’? घरात वाद झालाय. — एक वाचक, वाई

‘ॲन एस.टी. बस’. एस हे अक्षर व्यंजन असलं तरी उच्चार ‘ए’ या स्वरानं सुरू होतो. तसंच ‘ॲन एम.एल.ए.’, ‘ॲन एस.एस.सी. सर्टिफिकेट’, ‘ॲन अवर’. आणि उलट ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ युरोपियन’, कारण तिथं ऐकू येतो ‘यु’.

‘द’बद्दल नकाशावरून एवढं लक्षात ठेवा : गावांना ‘द’ नाही, नद्यांना आहे. ‘द कृष्णा अँड द कोयना मीट ॲट कराड’ या एका वाक्यात दोन्ही नियम बसतात.

प्रश्न : वाक्य पुन्हा लिहिण्याच्या प्रश्नात अर्थ बदलतो किंवा शब्द राहून जातात. पॅसिव्हमध्ये तर सगळाच गोंधळ. मुलीला कसं शिकवू? माझं इंग्रजी बेताचंच आहे. — एक आई, कवठेमहांकाळ

तुमचं इंग्रजी बेताचं असलं तरी हे तुम्हालाच छान जमेल, कारण पॅसिव्ह शिकवायला सांगलीकडं हळद आहे.

मुलीला आधी मराठीत सांगायला लावा : हळद काढली जाते, शिजवली जाते, उन्हात वाळवली जाते, पॉलिश केली जाते, मग सांगलीच्या बाजारात विकली जाते. कोण करतं हे कुणी सांगत नाही, कारण ते महत्त्वाचं नाही. पॅसिव्ह नेमका अशाच वेळी वापरतात. आता इंग्रजी : ‘टर्मरिक इज हार्वेस्टेड. इट इज बॉइल्ड, ड्राइड इन द सन अँड पॉलिश्ट. देन इट इज सोल्ड इन सांगली.’ प्रत्येक ‘जाते’च्या जागी ‘इज’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. मुलं यातला एक तुकडा गाळतात. ‘इज बॉइल’ लिहिलं तर तिसरं रूप राहिलं, ‘टर्मरिक बॉइल्ड’ लिहिलं तर ‘इज’ राहिला. तपासताना तुम्ही फक्त दोन तुकडे मोजायचे; इंग्रजी फार येण्याची गरज नाही.

मग हीच पाच वाक्यं गेल्या वर्षीची करा. ‘इज’चा ‘वॉज’ होतो, बाकी काही हलत नाही. पुढच्या वर्षीची करा, ‘विल बी’. बेदाण्याचीही अशीच करता येतील : द्राक्षं तोडली जातात, द्रावणात बुडवली जातात, रॅकवर वाळवली जातात. इथं अनेकवचन आलं, म्हणून ‘आर’. पंधरा-वीस वाक्यांत तिचा हात बसेल. पुस्तकातलं ‘राम ईट्स अ मँगो’ उलटं करून जे येत नाही, ते याने येतं. एक सावधगिरी : घडणं, येणं, मरणं, नाहीसं होणं अशा क्रियापदांना कर्म नसतं, त्यांचा पॅसिव्ह होत नाही. ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ ही वर्गातली नेहमीची चूक आहे.

बाकीच्या रूपांतरांत एकच शिस्त पाळा. नवं वाक्य लिहून झालं की तिनं त्याचं मराठी तोंडी सांगायचं आणि तुम्ही मूळ वाक्याच्या मराठीशी ताडायचं. अर्थ हलला की लगेच कळतं. कुठं हलतो तेही सांगून ठेवतो.

‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच आहे. ‘अभ्यास केला नाहीस तर नापास होशील’ याचं ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल’. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ लिहिलं की अभ्यास केल्यावर नापास होशील असा अर्थ होतो.

दोन ‘ओ’चा ‘टू’ (फार) आणि पुढं एका ‘ओ’चा ‘टू’, या रचनेतही नकार आत असतो, आणि शेवटचं कर्म गळून पडतं. ‘द सॅक इज सो हेवी दॅट आय कॅनॉट लिफ्ट इट’ याचं ‘द सॅक इज टू हेवी फॉर मी टू लिफ्ट’. शेवटी ‘इट’ नाही. पोतं वाक्याच्या सुरुवातीलाच आलंय. आपल्या ‘इतका… की’चं थेट रूप ‘सो… दॅट’ आहे, म्हणून मुलं ‘टू हेवी दॅट’ अशी खिचडी करतात.

जर-तरमध्ये मराठी फसवते. ‘पाऊस पडला तर आम्ही येणार नाही’ यात पाऊस अजून पडायचाय, तरी आपण ‘पडला’ म्हणतो. त्यावरून मुलं ‘इफ इट रेन्ड, वी विल नॉट कम’ लिहितात. होण्यासारख्या गोष्टीला इंग्रजीत इफच्या बाजूला साधा वर्तमान लागतो : ‘इफ इट रेन्स, वी विल नॉट कम’. ‘पडला असता तर’ असं मराठीत आलं, तरच ‘इफ इट हॅड रेन्ड’ आणि पलीकडे ‘वुड हॅव’. म्हणजे ‘असता’ हा शब्द दिसतो का, एवढंच बघायला सांगा. तो दिसला तर गोष्ट घडलेलीच नाही.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘की’ आडवा येतो. ‘ती म्हणाली की मी उद्या येते’ यातली ‘मी’ म्हणजे तीच. मराठीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, इंग्रजीत सांगणाऱ्याच्या जागेवरून सगळं बदलतं : ‘शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे’. क्रम ठरवून द्या : आधी माणूस, मग काळ, मग वेळेचे शब्द. प्रश्न असेल तर चौथी पायरी, शब्दांचा क्रम साधा करणं. ‘व्हेअर इज द बस?’ याचं ‘ही आस्क्ट व्हेअर द बस वॉज’. ‘टोल्ड’ आला की पाठोपाठ कुणाला ते हवं, ‘सेड’ला ते थेट जोडत नाहीत. ‘सेड मी’ दिसलं की लाल खूण.

प्रश्न : बोलताना शेवटी ‘इझन्ट इट’ लावलं तर चालतं ना? — विद्यार्थी, मिरज

‘ना’ला पर्याय म्हणून बोलण्यात खपून जातं, पेपरात नाही. आधीच्या वाक्यातलंच सहायक क्रियापद उलट करून लावायचं : ‘यू आर फ्रॉम मिरज, आरन्ट यू?’ सहायक नसेल तर डू, डझ, डिड. ‘आय ॲम’ला मात्र ‘आरन्ट आय’.

प्रश्न : रोज तीस शब्द पाठ करते. रविवारी उजळणी केली की निम्मे गेलेले असतात. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत, तेव्हा शब्दसंग्रह वाढवायचाय. किती आणि कसे करू? — विद्यार्थिनी, फलटण

तीस फार झाले. आठ कर, आठवड्यातले पाच दिवस. शनिवार फक्त उजळणीला आणि रविवार मोकळा. आठवड्याचे चाळीस, आठ आठवड्यांचे तीनशे वीस. आकडा छोटा वाटेल, पण त्यातला एकेक शब्द कुटुंबासकट येतो.

कुटुंब म्हणजे असं : सक्सीड हे क्रियापद, सक्सेस नाम, सक्सेसफुल विशेषण, सक्सेसफुली क्रियाविशेषण. वहीचं पान आडवं धरून चार रकाने आख. शब्दाचं योग्य रूप ओळखताना अर्थाआधी जागा बघ. ‘द’ आणि ‘ऑफ’च्या मध्ये नाम, नामाच्या आधी विशेषण, क्रियापदाला चिकटून क्रियाविशेषण. अर्थ न कळताही अर्धे प्रश्न सुटतात. मात्र ‘इज’, ‘लुक’, ‘फील’ यांच्यापुढं विशेषण येतं. ‘शी लुक्स हॅपिली’ हे चूक. आणि रकाने भरताना स्वतः रूप बनवू नकोस. डिसाइडचं डिसिजन होतं, अराइव्हचं अरायव्हल, रिफ्यूजचं रिफ्यूजल. कोशात बघ.

चार रकान्यांखाली त्या शब्दाचं एक वाक्य, तुझ्या गावातलं किंवा घरातलं. आणि शब्द कुणासोबत चालतो तेही. इथं मराठी पुन्हा घात करते. आपण परीक्षा ‘देतो’ म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’ लिहितो, इंग्रजीत ती ‘टेक’ करतात. आपण पंखाही बंद करतो आणि दारही, म्हणून ‘क्लोज द फॅन’ येतं. पंखा ‘स्विच ऑफ’ होतो. चूक ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात. ‘डिस्कस’पुढं ‘अबाउट’ नाही, ‘रीच’पुढं ‘टू’ नाही, लग्न ‘मॅरीड टू’, ‘विथ’ नाही. विषयी, ला आणि शी यांचं आपण उगाच भाषांतर करतो.

उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी. इंग्रजी बाजू झाकून मराठीवरून इंग्रजी लिहायचं. उलट दिशेनं केलं की येतंय असं वाटतं, पण लिहायला येत नाही. एकविसाव्या दिवशीही चुकलेला शब्द पुन्हा पहिल्या दिवसाचा धर.

तू सायन्सला जातेस, त्यामुळे आठातले तीन शब्द रोज विज्ञानाचे घे. गणित-विज्ञानाची मराठी तुला पक्की आहे, ती फुकट घालवायची नाही. चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे ॲक्सेलरेशन, विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट, संवेग म्हणजे मोमेंटम. चाल आणि वेग यांतला फरक तुला माहीत आहे, फक्त नावं नवी. द्रावण सोल्यूशन, द्राव्य सोल्यूट, द्रावक सॉल्व्हंट. ही तिन्ही एकाच दिवशी घे, वेगवेगळी घेतलीस तर अदलाबदल होते. मग रोजच्या ओळखीचे पण विज्ञानात वेगळ्या अर्थाचे शब्द : वर्क, पॉवर, बेस, सेल, मोमेंट. बेस म्हणजे पाया असं धरून रसायनशास्त्राचा परिच्छेद वाचला तर काहीच हाती लागत नाही. तिथं तो आम्लारी. सेल जीवशास्त्रात पेशी आणि भौतिकशास्त्रात विद्युत घट.

आणि प्रश्नातली आज्ञार्थी क्रियापदं. ‘डिफाइन’ म्हटलं की व्याख्या. ‘स्टेट’ म्हटलं की नियम नुसता लिहायचा, सिद्ध करायचा नाही. ‘डिराइव्ह’ म्हटलं की पायऱ्यापायऱ्यांनी सूत्र काढायचं. ‘डिस्टिंग्विश बिट्वीन’ला दोन रकाने, मुद्दे समोरासमोर. अशी वीसेक क्रियापदं पहिल्याच आठवड्यात कर. अकरावीच्या पहिल्या चाचणीत मराठी माध्यमाच्या मुलांचे गुण ज्ञान नसल्यानं जातात त्याहून जास्त, प्रश्नानं काय मागितलंय ते न कळल्यानं जातात.

प्रश्न : सुट्टीत रोज किती वेळ द्यावा? क्लास लावावा का? — एक पालक, इस्लामपूर

पंचेचाळीस मिनिटं. दहा मिनिटं शब्दांची उजळणी, वीस मिनिटं व्याकरणाचे वीस प्रश्न, पंधरा मिनिटं चुकांची वही. वेळ कमी पडला तर प्रश्न दहा करा, वहीची पंधरा मिनिटं कापू नका. आठवड्यातून एकदा युवकभारती या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातला एखादा उतारा वाचून शंभर शब्दांत सारांश लिहायला लावा. नोट-मेकिंग आणि सारांश हे अकरावीत येतातच आणि कुठल्याही देशाच्या बहुपर्यायी संचात ते मिळत नाहीत.

क्लासचं म्हणाल, तर लिहिलेलं तपासून, कारण लिहून परत देणारं कुणी तिथं आहे का, एवढंच विचारा. नसेल तर ते पैसे एका चांगल्या कोशावर आणि दोन जाड वह्यांवर घाला.